किटवर दोन रेघा उमटल्या, आता पुढं काय? सांगली-मिरजेकडच्या माणसांसाठी

जानेवारीतली गोष्ट. तासगावकडं द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं बापासाठी, म्हणजे माझ्या दादासाठी, शौचात रक्त आहे का ते तपासायचं किट घरपोच पाठवलं आणि दादानं ते वैतागत का होईना, वापरलं. कार्डावर दोन रेघा आल्या, एक ठळक आणि एक पुसट. वहिनीनं फोटो मला पाठवला, कारण सांगलीत आमचं औषधाचं दुकान आहे आणि घरात कुणाचं काहीही दुखलं की पहिला फोन दुकानावर येतो. मागून दादाचा आवाज येतच होता, "आगं, मूळव्याध हाय मला कवाची. तिचंच रगात आसंल. माल जाऊ दे, मग बघू."

माल गेला. मग खरड छाटणी आली. मधेच एका डॉक्टरांनी न तपासता मलम लिहून दिलं, ते महिनाभर लावून झालं. आतड्याची दुर्बीण झाली ती थेट जूनमध्ये. काय सापडलं ते पुढं येईलच, पण त्या पाच महिन्यांत आम्ही जो घोळ घातला तो तुमच्या घरात होऊ नये म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. औषधं कुठली थांबवायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना काय विचारायचं, घरात काय तयारी ठेवायची, ते मी सांगू शकते.

आधी ती रेघ काय म्हणते ते समजून घ्या

घरी करायच्या बहुतेक किटमध्ये 'फिट' नावाची चाचणी असते. माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन शौचात आहे का, एवढंच ती बघते. त्यामुळं आदल्या दिवशी मटण खाल्लं, बीट खाल्लं, म्हणून ती पॉझिटिव्ह येत नाही. ती भानगड जुन्या पद्धतीच्या चाचणीत होती. कार्डावर 'सी' समोरची रेघ म्हणजे किट नीट चाललं, 'टी' समोरची म्हणजे रक्त सापडलं. 'टी'ची रेघ पुसट असली तरी ती पॉझिटिव्हच. 'सी'ची आलीच नाही तर किट फुकट गेलं, नवीन आणा. लॅबमधून आकड्यात रिपोर्ट आला असेल तर शेजारी छापलेली मर्यादा बघा. त्याच्या वर आकडा गेला की पॉझिटिव्ह.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, असं नाही. परदेशात जिथं ही चाचणी सरकारच घरोघरी पाठवतं, तिथला अनुभव साधारण असा की पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत तीन ते सात जणांना कॅन्सर निघतो. त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या आतड्यात पॉलिप सापडतात, म्हणजे आतल्या अस्तरावर चामखिळीसारखे आलेले कोंब. यांतल्या काही जातीच्या कोंबांचाच पुढं कॅन्सर होतो आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. कोंब असतानाच काढून टाकला तर तो रस्ताच बंद होतो. सगळी खटपट त्यासाठी आहे. बाकीच्यांत मूळव्याध, आतड्याला सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यात जखमा होणारा जुनाट आजार) असं काही निघतं, नाहीतर काहीच निघत नाही. आपल्याकडं आतड्याचा टीबीही सापडतो. तो दुर्बिणीतून कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, म्हणून तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणी काही ठामपणे सांगितलं तर मान डोलावू नका.

आपल्या देशात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. मोठ्या आतड्याचा नाही. म्हणजे किट तुम्ही स्वतः मागवलेलं असतं, नाहीतर हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आलेलं असतं. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन पडतो आणि "अहो, तुमची तारीख घेतली का?" असं विचारायला कुणाचाच फोन येत नाही. ते काम घरातल्याच कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. आमच्याकडं ते उशिरा का होईना, मी घेतलं.

या वाटांनी जाऊ नका

किट परत करून बघणं ही पहिली चुकीची वाट. आम्ही तेच केलं. दुसऱ्यांदा एकच रेघ आली आणि घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले. पण कोंबातून रक्त रोज येत नाही. आज आलं नाही म्हणून परवाचं खोटं ठरत नाही. एकदा पॉझिटिव्ह आलं की पुढची तपासणी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून सगळं मोठं आतडं बघणं, मग दुसरं किट काहीही म्हणो.

दुसरी वाट मूळव्याधीची. दुकानात रोज मलमं विकणारी मीच हे सांगतेय: मूळव्याध असणाऱ्या माणसाला पॉलिप होत नाही असं कुठं लिहिलेलं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. गुदद्वारात बोट घालून किंवा छोट्या नळीनं बघून "मूळव्याधच आहे" म्हणणं म्हणजे उंबऱ्यावरून घर बघितल्यासारखं आहे. मोठं आतडं जवळपास दीड मीटर लांब असतं.

तिसरी वाट म्हणजे तोंडातून दुर्बीण करून येणं. 'एंडोस्कोपी झाली' असं सांगत लोक निर्धास्त फिरतात, पण त्यात जठर दिसतं, मोठं आतडं दिसत नाही. सोनोग्राफीतही हे कोंब दिसत नाहीत. सिग्मॉइडोस्कोपी ही आखूड दुर्बीण, ती फक्त डावीकडचा भाग बघते. ज्यांना कोलोनोस्कोपी खरोखरच झेपणार नाही त्यांच्यासाठी सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅननं आतडं बघणं, असते, पण तिच्यात काही दिसलं तर काढायला शेवटी दुर्बीणच लागते.

आता किती घाई करायची. कॅलिफोर्नियात सत्तर हजारांवर लोकांचा अभ्यास करून २०१७ मध्ये छापला होता. फिट पॉझिटिव्ह आल्यावर महिनाभरात कोलोनोस्कोपी केलेले आणि नऊ महिन्यांपर्यंत थांबलेले यांच्यात फारसा फरक दिसला नाही. दहा महिन्यांच्या पुढं मात्र कॅन्सर सापडण्याचं आणि तो पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून रातोरात गाडी काढून पळायचं कारण नाही. पण "नऊ महिने आहेत की" असं दादाला चुकूनही सांगू नका. द्राक्षबागायतदाराला माल, खरड छाटणी, पाऊस, ऑक्टोबर छाटणी यांत मोकळा महिना कधी सापडतच नाही. दोन महिन्यांच्या आतली तारीख घ्या, एवढंच धरून चाला.

ही सवड सगळ्यांना नाही. शौचातून डोळ्याला दिसेल असं रक्त जातंय, वजन उतरतंय, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदललीय, पोटात गाठ लागतेय, यातलं काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि गॅसही सरत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हिमोग्लोबिन बघाच. पन्नाशीच्या पुढचा पुरुष, पाळी गेलेली बाई, यांचं रक्त कमी भरलं आणि हातात नुसत्या लोहाच्या गोळ्या पडल्या, असं काउंटरवर कितीदा तरी बघते. रक्त जातंय कुठं, हे आधी विचारा.

डॉक्टर आणि तारीख

आपलं नशीब असं की दवाखान्यांच्या बाबतीत मिरज जवळ आहे. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचा दवाखाना उभा केला तेव्हापासून कर्नाटकातलीसुद्धा माणसं औषधपाण्याला मिरजेला उतरतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तिथं आहे, श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे. वाळवा-शिराळ्याकडच्यांना कराड जवळ पडतं. कोलोनोस्कोपी पोटविकारतज्ज्ञ करतात, काही सर्जनही करतात. घरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि त्यात 'फिट पॉझिटिव्ह' हे शब्द तारखेसह लिहून मागा. नुसतं 'पोटाची तक्रार' लिहिलं की गाडी पुन्हा गॅसच्या गोळ्यांवर येते.

नाव नोंदवताना फोनवरच एवढं विचारून घ्या. पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढणार का? काही ठिकाणी नुसतं बघतात आणि काढायला दुसरी तारीख देतात. म्हणजे ती पावडर पुन्हा प्यायची. भूल कोण देणार? सांगितलेल्या खर्चात भूल, पॉलिप काढणं आणि बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची तपासणी) धरलीय की प्रत्येकाचं बिल वेगळं? आम्हाला सांगितलेला आकडा आणि हातात आलेलं बिल यांत बराच फरक निघाला, कारण आम्ही हे विचारलंच नव्हतं. विम्याची पॉलिसी असेल तर ही तपासणी त्यात बसते का, तेही आधीच बघा.

औषधांची पिशवी

भेटीला जाताना गोळ्यांची नावं तोंडपाठ सांगायच्या फंदात पडू नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, काढे आणि चूर्णंसुद्धा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांपुढं ठळकपणे मांडा: क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, रिव्हारोक्साबॅन, अॅपिक्साबॅन. यांतल्या काही थोडे दिवस थांबवाव्या लागतात, पण ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट बसवलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं गोळी बंद करणं दुर्बिणीपेक्षा धोक्याचं आहे. अॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं, आतडं नीट धुतलं जात नाही.

साखरवाल्यांनी जास्त जपायचं. दिवसभर जेवण नसताना नेहमीइतकंच इन्सुलिन घेतलं तर साखर धाडकन उतरते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आजकाल घरोघरी आहेत, त्या बहुधा तीनेक दिवस आधीच थांबवतात. प्रत्येक गोळीपुढं 'कधीपासून बंद, कधी चालू' असं डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. बीपीची सकाळची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. मूत्रपिंडाचा किंवा हार्ट फेल्युअरचा त्रास असेल तर ते पावडर लिहून द्यायच्या आधी सांगा, नंतर नव्हे.

तीन दिवसांचं जेवण

लोक सगळ्यात जास्त इथं चुकतात. 'हलकं खा' म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, भाकरी नाहीतर उपवास. दोन्ही चुकीच्या. या तीन दिवसांत चोथा नको असतो. म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी बंद, मटकीची उसळ बंद, मेथी, गवार, वांगं, टोमॅटो, शेंगदाण्याची चटणी, तीळ, खसखस बंद. भडंग तर नकोच. बेदाणा घरचा असला तरी नको. आणि एकादशी समजून साबुदाण्याची खिचडी खाल्ली की त्यातला दाण्याचा कूट आतड्याच्या घड्यांत जाऊन बसतो आणि डॉक्टर तो धूत बसतात.

चालतं काय? पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, रव्याचा उपमा (मोहरी-मिरची-कढीपत्त्याशिवाय), साल काढलेला बटाटा, दही, अंडं, उकडलेलं चिकन. दादाला बटाटा आणि भात बघून तिसऱ्या दिवशी रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

आदला दिवस नुसत्या पाण्यासारख्या पदार्थांचा: शहाळं, गाळलेली पेज, मुगाचं गाळलेलं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. दूध नाही. कोकम सरबत, लाल-जांभळी सरबतं आणि बिटाचा रस नाही, कारण त्यांचा रंग आत रक्तासारखा दिसतो.

पावडर

पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पाकीट असतं. बहुतेक पाकिटं दोन लिटर पाण्यात विरघळवायची असतात, तरी तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय तेच धरा. निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, असं दोनदा घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. "सगळं रात्रीच पिऊन टाकतो, म्हणजे पहाटे उठायला नको" हा दादाचा हिशेब तेवढ्यासाठीच मोडून काढला. शेवटचा घोट तपासणीच्या किमान दोन तास आधी संपायला हवा, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

चव खारट, बुळबुळीत. फ्रीजमध्ये गार करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, स्ट्रॉनं. मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करा. तासाभरात जुलाब लागतात. नळाला पाणी किती वाजता येतं ते बघून आदल्या दिवशी टाकी, बादल्या भरून ठेवा. खोबरेल तेल हाताशी ठेवा आणि पहिल्या जुलाबाच्या आधीच लावा, नाहीतर चौथ्यानंतर आग होते. शेवटी लघवीसारखं पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला हवं. गढूळच राहिलं तर दवाखान्यात फोन करून सांगा.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांसाठी एक सांगते. सकाळची मात्रा पिऊन एसटीत बसायचं धाडस करू नका. आदल्या दिवशी दुपारीच सांगली-मिरजेत पाहुण्यांकडं या, नाहीतर लॉजवर, पण स्वतंत्र संडास असलेल्या खोलीत. दादा आमच्याकडं आला. आम्ही बाकीचे रात्रभर शेजाऱ्यांच्या दयेवर होतो.

तपासणीच्या दिवशी

सोबत एक धडधाकट माणूस हवाच. भुलीनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही. शेतीच्या व्यवहाराची तर नाहीच. आत प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचं. डाव्या कुशीवर झोपवतात, शिरेतून भूल देतात, बहुतेकांना काही आठवत नाही. बाहेर आल्यावर पोट फुगल्यासारखं वाटतं. गॅस सोडायला लाजू नका, डॉक्टरही तेच सांगतात.

धोका असतो, पण कमी. आतड्याला भोक पडण्याचा प्रकार साधारण हजारात एक किंवा त्याहूनही कमी. पॉलिप काढलेल्या जागेतून रक्तस्राव त्याहून थोडा जास्त जणांना होतो, आणि तो एक-दोन आठवड्यांनीही होऊ शकतो. पोटात जोराची कळ, ताप, गुठळ्या पडण्याइतकं रक्त, चक्कर, यांतलं काहीही झालं तर थेट दवाखान्यात. त्यासाठी रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर निघतानाच घ्या.

आणि ती बाटली. बऱ्याच ठिकाणी काढलेला तुकडा छोट्या बाटलीत घालून नातेवाइकांच्याच हातात देतात, "लॅबला देऊन या" म्हणून. बाटलीवर रुग्णाचं नाव आणि तुकडा कुठला ते लिहिलंय का बघा. दोन पॉलिप असतील तर दोन बाटल्या. आत फॉर्मालिन असतं. ते ओतून पाणी भरायचं नाही, बाटली उघडायचीही नाही. लॅबची पावती जपून ठेवा.

रिपोर्ट वाचताना

दुर्बिणीच्या रिपोर्टात दोन गोष्टी शोधा. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोचली का? आणि आतडं किती स्वच्छ होतं? त्याला बोस्टन स्कोअर म्हणतात. नऊपैकी सहा किंवा जास्त, आणि तिन्ही भागांत किमान दोन-दोन असेल तर चांगलं. पोचली नसेल किंवा स्वच्छ नसेल तर तपासणी अर्धवट आहे. ती पुन्हा कधी करायची ते विचारल्याशिवाय उठू नका.

बायोप्सी यायला साधारण आठवडा लागतो. आतडं स्वच्छ होतं आणि काहीच सापडलं नाही, तर सहसा दहा वर्षं निवांत. पण हिमोग्लोबिन कमी असेल तर वरच्या बाजूनं, जठराकडून शोध घ्यावा लागतो. 'हायपरप्लास्टिक' असा छोटा कोंब शेवटच्या भागात असेल तर बहुधा चिंतेचा नसतो. अॅडेनोमा म्हणजे पुढं कॅन्सर होऊ शकतो त्या जातीचा कोंब. 'ट्युब्युलर अॅडेनोमा' एक-दोन आणि एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतील तर अमेरिकेतल्या नियमांप्रमाणं पुढची दुर्बीण सात ते दहा वर्षांनी. एक सेंटिमीटर किंवा मोठा असेल, 'व्हिलस' किंवा 'हाय ग्रेड डिस्प्लेजिया' असे शब्द असतील तर तीन वर्षांनी. तुमची तारीख तुमचे डॉक्टर सांगतील. ती फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.

कॅन्सर निघालाच तर पुढं पोट-छातीचं सीटी स्कॅन, सीईए ही रक्ताची तपासणी आणि मग ऑपरेशनचा विचार. गाठ गुदाशयात असेल तर एमआरआय लागतो आणि कधीकधी आधी रेडिएशन-केमो देऊन मग ऑपरेशन. लवकर सापडलेल्यांत नुसत्या ऑपरेशनवरही भागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन आहे, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत, योजनेतल्या दवाखान्यांत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, ते पैसे भरायच्या आधी. भरलेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

दादाचे दोन पॉलिप निघाले. एक चार मिलिमीटरचा, दुसरा बारा. दोन्ही अॅडेनोमा, कॅन्सर नाही. मूळव्याधही निघाली, तेवढं त्याचं खरं ठरलं, आणि ते तो सगळ्यांना सांगतो. बारा मिलिमीटरचं सांगत नाही. पण एवढा मोठा अॅडेनोमा निघाला की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीपासून, किंवा घरच्या माणसाला ज्या वयात सापडला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यांतलं जे लवकर ते धरून तपासून घ्यायचं असतं. भाच्याला अजून काही वर्षं आहेत. मी त्रेपन्न वर्षांची. माझी तारीख पुढच्या मंगळवारची आहे, पावडर दुकानातून आणलीय, आणि दादानं फोन करून सांगितलंय की भात-बटाटा तो स्वतः उकडून घेऊन येणार.